कास्ट आयर्न बुलेट ३५० ला २८ चा कार्बोरेटर: पिकअप वाढतो की मरतो?

घाटकरी (कोल्हापूर)

माझ्या जुन्या ३५० ला कंपनीचा २४ चा मिककार्ब होता, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा २४ मिलिमीटर भोकाचा कार्बोरेटर. मोठा कार्ब म्हणजे जास्त हवा, जास्त ताकद, असं डोक्यात घेऊन बुलेट ५०० वर यायचा तो २८ चा बसवला. हायवेला मूठ पिळली की गाडी पळायची, ते नाकारत नाही. पण साखरप्याकडून आंबा घाट चढताना, मागे बायको, दोन्ही बाजूंना बॅगा, दुसरा गिअर. वळणातून बाहेर पडून मूठ दिली की इंजिन श्वास कोंडल्यासारखं थांबायचं, एकदा ‘भक्’ करायचं आणि मगच उचलायचं. तेवढ्यात मागून एसटी आली की पोटात गोळा. दोन महिन्यांत २४ परत लावला.

कार्ब पेट्रोल ढकलत नाही. हवा जोरात गेली तरच ते जेटमधून, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकातून, ओढलं जातं. २४ चा २८ केला की भोक चारच मिलिमीटरने मोठं दिसतं, पण क्षेत्रफळ ३६ टक्के वाढतं. ३००० आरपीएमला, पूर्ण थ्रॉटलवर, सिलिंडर पूर्ण भरतो असं धरलं तर ओढण्याच्या स्ट्रोकमध्ये २४ मधून हवा सेकंदाला साधारण ७६ मीटरने जाते, २८ मधून ५६ ने. आणि आपण गाडी चालवतो २००० ते ३५०० मध्येच. म्हणून माझं ठाम मत: रोजच्या ३५० ला २८ नको.

ठोका (पुणे)

पटलं नाही दादा. तुम्ही दोष साइजला देताय, दुखणं जेटिंगचं आहे, म्हणजे जेट आणि सुई त्या कार्बला जुळवलेली नाहीत.

हा स्लाइडचा कार्ब आहे, मुठीच्या केबलने वर-खाली होणारा नळा भोक उघडतो. मूठ जेवढी फिरवाल तेवढंच भोक उघडतं. पाव मुठीला २८ काही पूर्ण २८ नसतो. तुमचं ७६ आणि ५६ चं गणित पूर्ण उघड्या स्लाइडचं, घाटातल्या वळणाचं नाही.

माझ्या ३५० चं हेड पोर्ट केलंय (हवेची वाट घासून मोठी केलीय), सायलेन्सर मोकळा आहे. २८ लावल्यावर मेन जेट (पूर्ण मुठीचा) वाढवला, पायलट (कमी मुठीचा) एक नंबर वर घेतला, सुईची क्लिप एक खाच खाली घेतली, म्हणजे सुई वर आली आणि मधल्या मुठीला मिश्रण घट्ट झालं, म्हणजे पेट्रोल वाढलं. प्लग काढून बघितला तर विटकरी-तपकिरी, म्हणजे मिश्रण बरोबर. खंबाटकीला पूर्वी गिअर पाडावा लागायचा, आता लागत नाही.

घाटकरी

स्लाइडचा मुद्दा मान्य, मी तो धरलाच नव्हता. पण क्लिप मीही खाली घेऊन पाहिली. प्लग काळा पडला, अ‍ॅव्हरेज पस्तिसावरून अठ्ठावीसवर आलं, आणि झटक्यात मूठ दिली की ‘भक्’ तसंच. या कार्बला अ‍ॅक्सिलेटर पंप (मूठ देताच जादा पेट्रोल फेकणारा) नाही. स्लाइड एकदम वर गेली की हलकी हवा आधी धावते, पेट्रोल मागून येतं. भोक जितकं मोठं तितका तो खड्डा खोल.

आणि तुमचं हेड पोर्ट केलेलं आहे, माझं नाही. मी तोंडाशी व्हर्निअर लावला, पोर्ट २८ पेक्षा लहान. एवढी हवा आत घेऊन पुढच्याच बोटभर अंतरावर पायरीला आपटायची, यात मिळवलं काय?

डेट्रॉइटचा मराठी

इकडे हाच वाद शेव्हरोलेच्या व्ही-८ वर चालतो. तेही ‘३५०’ च, पण घनइंच, म्हणजे ५.७ लिटर. हिशोब सोपा: घनइंच गुणिले आरपीएम, भागिले ३४५६, की मिनिटाला किती घनफूट हवा लागते ते येतं. ६००० आरपीएमला ६०८. रस्त्यावरचं इंजिन ८५ टक्के भरतं म्हटलं तर साधारण ५१६ च. ६०० सीएफएमचा (मिनिटाला ६०० घनफूट) कार्ब भरपूर झाला, तरी लोक ७५० घेतात. मीही घेतला होता. सिग्नल सुटला की गाडी अडखळायची. शेवटी ६०० चा, व्हॅक्यूम सेकंडरीचा बसवला. त्यात मागची दोन भोकं इंजिन हवा मागेल तेव्हाच उघडतात.

पण हे सूत्र जसंच्या तसं बुलेटला लावू नका. ३४६ सीसी म्हणजे २१ घनइंच, ५५०० ला जेमतेम ३३ घनफूट. हा सरासरी आकडा झाला. आठ सिलिंडरमध्ये कुठला ना कुठला सिलिंडर कायम हवा ओढत असतो. एकट्या सिलिंडरचा चारपैकी एकच स्ट्रोक ओढण्याचा, म्हणून त्या क्षणाची गरज सरासरीच्या जवळपास चौपट. सीसीच्या मानाने त्याला मोठा कार्ब लागतोच. २८ कागदावर वेडेपणा नाही.

मेस्त्रीचा मुलगा (सांगली)

एक गोष्ट कुणीच विचारली नाही. काढलेला २४ किती जुना होता? आमच्याकडे २८ लावून ‘गाडी सुधारली’ म्हणणारे येतात. त्यांचा जुना कार्ब हातात घेऊन मूठ फिरवली की स्लाइड आत खडखडते. बाजूने हवा घेतेय, सुईने नीडल जेटचं भोक लांबट केलंय. तो २४ मेलेलाच होता. तुम्ही घासलेल्या २४ ची नव्या २८ शी तुलना करताय. आधी नवा २४ लावा, मॅनिफोल्डची (कार्ब ते हेड या नळीची) गळती बघा, ठिणगीचं टायमिंग बघा, मग बोला.

ठोका

माझा पंधरा वर्षांचा होता. खडखडायचा. हा मुद्दा मला लागला. तरी पोर्ट केलेल्या हेडला २४ कोंडतो, असंच मला वाटतं.

घाटकरी

मग करूनच बघू. माझ्याकडे नवा २४ आहे, तुमचा २८ घेऊन या. दोन्ही गाड्यांना दोन्ही कार्ब, प्रत्येकाचं जेटिंग नीट करून, साखरप्यापासून वरपर्यंत, चालवणारा तोच, मागचं ओझं तेच. पेट्रोल टाकीतून नको, मापाच्या बाटलीतून. फक्त घड्याळ वळण संपतं तिथे लावायचं, सरळ रस्त्यावरच्या टॉपला नाही.