गेट ते पोर्च पेव्हर ब्लॉक, किती खर्च धरावा? (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

बी ३ : नमस्कार, जरा माहिती पाहिजे होती. आमच्या गेटपासून पोर्चपर्यंतचा कोबा पार फुटलाय, पावसाळ्यात पाणी साठतंय आणि मागच्या आठवड्यात सासूबाई तिथंच अडखळल्या. तर आता पेव्हर ब्लॉक घालायचे म्हणतोय. एकाने ६५ रुपये स्क्वेअर फूट सांगितलं, दुसरा ११० म्हणतोय. एकाच कामाला एवढा फरक कसा? कुणी केलं असेल तर सांगा की.

सी ७ : ६५ चांगला रेट आहे वहिनी, मला पण नंबर पाठवा.

ए ९ : वहिनी, ६५ वाल्याला लगेच हो म्हणू नका. मी तीन वर्षांपूर्वी असंच केलंय म्हणून कळकळीनं सांगतोय. मला ५८ नं दिलं होतं, दोन दिवसात काम उरकलं, दिसायला एकदम झकास. पहिल्याच पावसाळ्यात गाडीच्या दोन्ही चाकांच्या पट्ट्या खाली बसल्या, मधला भाग उंच राहिला, गाडीचं बूड घासायला लागलं. श्रावणात पहार घालून एक ब्लॉक उचकटला तर खाली कच जेमतेम बोटभर आणि त्याखाली सरळ काळी माती, लोण्यासारखी मऊ झालेली, ब्लॉकच्या बुडाला चिकटून वर आली. मुरूम म्हणून काही नव्हताच. बिलात मात्र बेस धरून असं लिहिलेलं. सगळं उचकटून परत केलं तेव्हा दुप्पट पैसे गेले. रेट ब्लॉकचा विचारू नका, ब्लॉकच्या खाली काय घालणार ते विचारा.

ए ६ : आमचंपण तसंच झालंय, फक्त आमचं गेटाजवळ बसलंय.

ए १ : बरोबर बोलतोय हा. मी बांधकाम खात्यात होतो तेव्हापासून हेच बघतोय. आपली सोसायटी व्हायच्या आधी इथं उसाचं रान होतं, सगळी काळी जमीन. ही माती पाणी पिली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, मेमध्ये मोकळ्या प्लॉटवर भेगा बघा, हाताची बोटं आत जातात. तिच्यावर काहीही सरळ ठेवलं की वरखाली होणारच, पेव्हर असो नाहीतर काँक्रीट. म्हणून काळी माती काढून टाकायची आणि तिथं हार्ड मुरूम भरून दाबायचा. खर्च इथं आहे.

बी ३ : काका म्हणजे किती खोदायचं? आणि मग एकूण कितीला पडेल? आमची जागा १० फूट रुंद आणि ३६ फूट लांब आहे, मी आत्ताच टेपनं मोजली.

ए १ : ३६० स्क्वेअर फूट. साधी कार आहे ना, टँकर वगैरे आत येत नाही ना? मग ६० एमएमचा ब्लॉक चालतो, म्हणजे जवळजवळ अडीच इंच. त्याखाली दीड इंच क्रश सँड, म्हणजे दगडाचा बारीक चुरा, त्याखाली सहा इंच दाबलेला मुरूम. बेरीज दहा इंच. तेवढं खोदायचं. ३६० गुणिले दहा इंच म्हणजे ३०० घनफूट, बरोबर ३ ब्रास. पण खोदलेली माती मोकळी झाली की फुगते, ट्रॉलीत भरताना ४ ब्रासच्या जवळ जाते, त्यामुळं ट्रॅक्टरच्या चार खेपा धरा. मुरूमाचं उलटं असतं, दाबून १.८ ब्रास लागणार तर विकत अडीच ब्रास आणायचा.

सी ७ : ब्रास म्हणजे नक्की किती ओ काका, मला कायम गोंधळ होतो, कुणी एरियाला ब्रास म्हणतंय कुणी मालाला.

ए १ : माल असेल तर १०० घनफूट, एरिया असेल तर १०० स्क्वेअर फूट. कोटेशनवर ब्रास दिसला की कशाचा ते विचारायचं, इथंच लोक फसतात.

ए ९ : मी परत काम केलं तेव्हा सगळं वहीत लिहून ठेवलं होतं, ते आत्ता वहिनींच्या मापाला बसवून बघितलं. रेट मला मिळाले तसे टाकतोय, तुम्ही आताचे विचारून घ्या. जुना कोबा फोडायला आणि खोदायला जेसीबी तीन तास, १४०० नं ४२००. माती उचलायला चार खेपा ८०० नं ३२००. हार्ड मुरूम अडीच ब्रास २४०० नं ६०००. मुरूम दाबायचं व्हायब्रेटर मशीन माणसासकट एक दिवस २५००. क्रश सँड अर्धा ब्रास २२००. ब्लॉक ३८० फूट घ्यायचे, कारण कडेला कापाकापीत पाच टक्के तरी वाया जातात, ४२ नं १५,९६०. लावायची मजुरी १४ नं ५०४०. दोन्ही कडांना आणि गेटाशी कर्ब, म्हणजे ब्लॉकना धरून ठेवणारी काठाची पट्टी, मिळून ८२ रनिंग फूट, ७५ नं ६१५०. चेंबरचं झाकण वर उचलणं आणि खालून दोन पीव्हीसी पाईप टाकून ठेवणं, याला २५०० धरले. सगळं मिळून ४७,७५०, म्हणजे फुटाला साधारण १३३ रुपये. पूर्ण काम ठेकेदाराकडून जीएसटी बिलावर घेतलं तर वर १८ टक्के, म्हणजे ५६,३४५. आता ६५ नं हिशोब करा, २३,४०० होतात. जो २३ हजारात करतोय तो वरच्या यादीतलं काय काय गाळतोय हे तुम्हीच बघा. माझ्या बाबतीत खोदाई, मुरूम, कर्ब तिन्ही गाळलं होतं.

बी ३ : बाप रे, एवढं. दादा कर्ब एवढा गरजेचा आहे का? तो ६१५० वाचला तर बरं होईल.

ए ९ : वहिनी तो अजिबात वाचवू नका. ब्लॉक एकमेकांना धरून असतात, कडेला आधार नसला की वळताना चाक ढकलतं आणि एकेक ओळ बाहेर सरकत जाते, फटी मोठ्या होतात, मग पाणी आत. कंपाऊंडची भिंत एका बाजूला असेल तर तेवढा कर्ब सोडता येईल, त्यात खरंच वाचेल. तुमच्या डाव्या बाजूला भिंत आहेच ना, ३६ फूट कमी झाले की २७०० रुपये वाचले.

बी ३ : हो आहे भिंत. हे चांगलं सांगितलंत.

सी ७ : पण मी म्हणतो सरळ काँक्रीटच का नको? एकदा केलं की बघायला नको. माझ्या मामांनी कळंब्याला केलंय, दहा वर्षं झाली.

ए १ : होईल की. पाच इंच जाडी धरली तर ३६० फुटाला १५० घनफूट, म्हणजे सव्वाचार घनमीटर, एम २० ताकदीच्या काँक्रीटसाठी घनमीटरला आठ पोती धरा, ३४ पोती सिमेंट लागलं. खालचा मुरूम मात्र याला पण पाहिजेच, तो चुकत नाही. रेडीमिक्स मागवलं तर गाडी बोळात येते का बघा, ती रस्त्यावर थांबली तर घमेल्यानं ओढायला माणसं लागतात, आणि एवढ्या कमी मालाला ते वेगळा चार्ज लावतात. दहा दहा फुटांवर कट मारायचा, जाडीच्या चौथ्या भागाएवढा खोल, आणि काँक्रीट टाकल्यापासून एक दिवसाच्या आत, उशीर झाला की ते आपल्याच मर्जीनं कुठंही तडकतं. भिंतीला लागून जाईल तिथं जॉईंट, म्हणजे फट, सोडायचा. आळी बांधून किंवा गोणपाट टाकून निदान सात दिवस पाणी मारायचं. लोक तिसऱ्या दिवशी गाडी चढवतात, ते करू नका. पूर्ण ताकद धरायचा हिशोब २८ दिवसांचा असतो. मला विचाराल तर आपल्या जमिनीवर पेव्हरच बरा, उद्या पाईप फुटला तर दहा ब्लॉक काढून परत बसवता येतात, काँक्रीट फोडायला लागतं.

ए ६ : डांबर?

ए १ : एवढ्याशा जागेला गरम माल घेऊन कुणी येत नाही, आणलाच तर परवडत नाही. शहाबादी फरशी पण नको गाडीखाली, तडकते.

सेक्रेटरी : सर्वांना विनंती, काम करताना दोन गोष्टी पाळा. गेटासमोरच्या गटारीवर काँक्रीट ओतून रॅम्प करू नका, मागच्या वर्षी एकाने केला आणि जुलैत वरच्या चार घरांचं पाणी तुंबलं. वर उचलता येईल अशी लोखंडी जाळी टाका. आणि राडारोडा कॉमन रस्त्यावर एक दिवसापेक्षा जास्त ठेवू नका, मुलं सायकल खेळतात. महापालिकेचा रस्ता उकरायचा असेल तर आधी परवानगी घ्या.

बी ३ : नक्की सेक्रेटरी साहेब. गटारीला हात लावणार नाही.

ए ६ : वहिनी एक लक्षात ठेवा, लेव्हल वर आली की गेट घासतं. आमचं गेट आता अर्धंच उघडतंय, खालून दोन इंच कापून घ्यावं लागणार आहे, त्याचा वेगळा खर्च. आधी बघितलं असतं तर खोदाईच जरा जास्त केली असती.

ए ९ : हे एकदम महत्त्वाचं. आणि पोर्चकडून गेटाकडं उतार पाहिजे, पन्नास फुटाला एक फूट. तुमच्या ३६ फुटात साडेआठ इंच बसतो. मिस्त्री अंदाजानं म्हणतील बसतोय म्हणून, त्यांना पाण्याच्या लेव्हल पाईपनं दोन्ही टोकांना खुणा करून दाखवायला लावा. माझ्या पहिल्या कामात उतार उलटा गेला होता, पाणी पोर्चमध्ये, चप्पल स्टँडपर्यंत यायचं.

बी ३ : मग मी दोघांना काय विचारू? मला टेक्निकल काही कळत नाही, ते बोलायला लागले की मी गप्पच बसते.

ए १ : ताई, एवढंच लिहून द्या दोघांना आणि त्यावरच भाव मागा. दहा इंच खोदाई, माती उचलून नेणं धरून. सहा इंच हार्ड मुरूम दोन थरात पाणी मारून दाबणे, थर किती जाड ते कामाच्या वेळी आपण स्वतः टेपनं बघणार. ब्लॉक ६० एमएम, एम ३५ ग्रेड (ताकदीचा दर्जा), आयएस १५६५८ या पेव्हर ब्लॉकच्या सरकारी मानकाप्रमाणे, फॅक्टरीचा टेस्ट रिपोर्ट दाखवायचा. कर्ब, उतार, झाकण, जीएसटी धरून की सोडून. मग ६५ आणि ११० मधला फरक आपोआप दिसेल. मुरूम दाबताना मूठभर उचलून वळून बघा, गोळा झाला पाहिजे पण हात ओला व्हायला नको. कोरडा मुरूम कितीही दाबा, बसत नाही, आणि चिखल झाला तरी बसत नाही.

ए ९ : आणि जुन्या कोटेशनशी तुलना करू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ चा १८ झालाय, त्याआधीचा कुणाचा भाव आताच्या शेजारी ठेवून उपयोग नाही. ब्लॉक घेताना दोन एकमेकांवर वाजवून बघा, पक्का असेल तर खणकन आवाज येतो, कच्चा असेल तर दबका. कोपरा नखानं खरवडला आणि पावडर निघाली तर ती लॉट परत पाठवा.

सी ७ : मी पण मग थांबतो, ६५ वाल्याला फोन करणार होतो. आम्हाला पण ३०० फूट करायचंय. एकत्र केलं तर जेसीबी आणि मशीनचा खर्च वाटून जाईल ना?

ए ९ : जाईल की. जेसीबीवाला तासाचा मिनिमम लावतो, व्हायब्रेटर पण दिवसाच्या भाड्यानं, दोन घरं मिळाली की तेवढं निम्मं होतं. ए ६ ना पण गेटाजवळचं दुरुस्त करायचंय, तिघं मिळून मुरूमाची मोठी गाडी मागवता येईल.

ए ६ : मी तयार आहे. पण लवकर करा, एकदा वळीव सुरू झाला की खोदलेल्यात पाणी भरून राहतं.

ए १ : मिस्त्री लोक जोतिबाच्या यात्रेला जातात, त्या आठवड्यात कुणी मिळत नाही. यात्रा झाली की लगेच लागूया, म्हणजे मृगाच्या आत मुरूम चांगला दाबून बसतो.

बी ३ : काका, तुम्ही सांगितलेलं सगळं मी कागदावर लिहून काढलं, दोघांना आज संध्याकाळी पाठवते. मिस्टरांना पण वाचून दाखवलं, ते म्हणाले कर्ब ठेवायचा.

ए ९ : उद्या सकाळी सातला टेप आणि लेव्हल पाईप घेऊन येतो वहिनी, आधी तुमची, मग सी ७ ची लेव्हल बघू. बादलीभर पाणी काढून ठेवा.