मदत हवी आहे: पीएचपीत पुढच्या पानावर सेशन रिकामं होतंय

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या आमच्या वाचनालयाची वेबसाइट पीएचपी या सर्व्हरवर चालणाऱ्या प्रोग्रामिंग भाषेत करतोय. वर मराठी आणि कन्नड अशी दोन बटणं आहेत (इकडे दोन्ही लागतातच, नाहीतर निम्मे सभासद रुसतात). निवडलेली भाषा सेशन व्हेरिएबलमध्ये ठेवतो (म्हणजे पान बदललं तरी सर्व्हरने त्या वाचकापुरती लक्षात ठेवायची माहिती). घरी लॅपटॉपवर झॅम्पमध्ये (आपल्याच मशीनवर पीएचपी चालवायचं पॅकेज) सगळं झकास. सर्व्हरवर चढवलं की दुसऱ्या पानावर भाषा गायब.

सेशन सुरू करणारी सेशन स्टार्टची ओळ प्रत्येक पानावर आहे. सेशनच्या फाइल्स जिथे साठतात त्या सेव्ह पाथच्या फोल्डरमध्ये फाइल तयार होते, पण दर क्लिकला नवीच! म्हणजे ब्राउझरकडे सेशनची ओळख सांगणारी कुकी पोचतच नसावी. सेशनच्या २४ मिनिटांच्या डिफॉल्ट मुदतीचा तर प्रश्नच नाही, दोन सेकंदांत सगळं जातंय.

आता माझा संशय. सेशन सुरू करायच्या आधी मी भाषेची फाइल इन्क्लूड करतो, आणि ती जुन्या नोटपॅडमध्ये यूटीएफ-८ म्हणून सेव्ह केलेली. तिच्या सुरुवातीचा बीओएम (यूटीएफ-८ ची खूण म्हणून नोटपॅड घालतो ते न दिसणारे तीन बाइट) आधीच बाहेर पडून कुकीचा हेडर, म्हणजे पानाच्या मजकुराआधी जायला हवी ती सूचना, अडवत असेल का? लॅपटॉपवर आउटपुट बफरिंग (मजकूर लगेच न पाठवता आधी साठवून ठेवणं) ४०९६ बाइटचं आहे, सर्व्हरवर बंद. म्हणून घरी चूक झाकली जात असेल?

एरर दाखवणं होस्टिंगवाल्यांनी बंद ठेवलंय, मग लॉग कुठे बघू? आणि अशा ४० फाइल्समधला बीओएम एका दमात कसा काढायचा? एकेक उघडायचा जाम कंटाळा आलाय.