रक्तगट जुळत नाही, तरी भावाचा बोन मॅरो चालते म्हणतात. कसं काय?

वडसा_धानवाला:
माह्या पुतण्याले सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार हाय, एसएस पॅटर्न, म्हणजे आई-बाप दोघांकडूनही सिकलसेलचं जनुक आलं. नागपूरच्या डॉक्टरनं बोन मॅरो बदलाचं सुचवलं अन् भावंडांची एचएलए तपासणी सांगतली. पोराचा गट ओ, मोठ्या भावाचा बी. गटच जुळत नाही तं पुढची तपासणी कायले? डॉक्टर म्हणे, गटाचं पाहून घेऊ, एचएलए जुळलं पाहिजे. हे हाय तरी काय?

लॅबवाले_काका:
डॉक्टर बरोबर बोलले, भाऊ. रक्तगट म्हणजे लाल पेशीवरच्या साखरेच्या खुणा. मॅरो म्हणजे हाडातला रक्त बनवणारा गर; भावाचा मॅरो लागला की पोराचा गटही हळूहळू बी होईल. एचएलए ही प्रथिनं वेगळी, केंद्रक असलेल्या जवळपास प्रत्येक पेशीवर असतात. पेशीत बनलेल्या प्रथिनांचे बारीक तुकडे ती खाचेत धरून बाहेर दाखवतात. बाजार समितीत पोत्यातलं मूठभर धान हातावर घेऊन अडत्याले दाखवतो ना, तसं. टी पेशी म्हणजे बिघडलेल्या पेशी ओळखून मारणाऱ्या पांढऱ्या पेशी. त्यांचा रिसेप्टर, म्हणजे ओळखायचा भाग, दाणेही पाहतो अन् हातही. झिंकरनागेल आणि डोहर्टी या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये उंदरांवर हेच दाखवलं: विषाणू तोच, पण हात परक्या उंदराचा असला की टी पेशी त्या पेशीला मारेना. १९९६ चं नोबेल त्यालेच.

बीएस्सी_गोंदिया:
काका, मग परक्या हातासमोर टी पेशीनं गप बसायला पाहिजे. इथं तर हल्ल्याची भीती!

लॅबवाले_काका:
खरी मेख तिथंच आहे, बाई. रिसेप्टर तयार होतात जनुकांचे तुकडे अंदाधुंद जोडून. मग छातीतल्या थायमस ग्रंथीत चाळणी लागते: स्वतःच्या एचएलएला जास्तच घट्ट चिकटणारी पेशी तिथंच मरते. परक्या एचएलएसाठी अशी चाळणी लागतच नाही. म्हणून एका ठराविक विषाणूला ओळखणाऱ्या पेशी अगदी मोजक्या, पण परक्या एचएलएवर भडकणाऱ्या भरपूर. अन् मॅरोसोबत दात्याच्या टी पेशी येतात. जुळलं नाही तर त्या पोराची कातडी, आतडी, यकृत यांच्यावर तुटून पडतात. जुळलं तरी थोडा धोका राहतोच, औषधं द्यावी लागतात.

ही जनुकं सहाव्या गुणसूत्रावर, आईकडून एक संच, बापाकडून एक. सख्ख्या भावंडाचं पूर्ण जुळायची शक्यता २५ टक्के. काका-मामांची तपासणी करत पैसे घालवू नका, आधी सख्खी भावंडं.

वडसा_धानवाला:
त्याची बहीण एएस हाय, म्हणजे सिकलसेलचं एकच जनुक, नुसती वाहक. तिची करावं का?

लॅबवाले_काका:
करा. एएस चालते, एसएस चालत नाही.