थ्रॉटल बॉडी उतरवायची आहे, कूलंटच्या पाइपांचं काय करू?

मंडळी, मदत हवी आहे. वडिलांची 2005 सालची पेट्रोल गाडी आहे, केबलवाला थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप; ती ज्यात बसते ती थ्रॉटल बॉडी). महिनाभर आयडलिंग (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिनाचा वेग) सारखं वरखाली होतंय, सिग्नलला क्लच दाबला की बंदच पडते. प्लग आणि एअर फिल्टर नवीन टाकले, फरक शून्य.

काल इनटेकचा रबरी पाइप काढून आत बोट फिरवलं, तर काजळासारखा चिकट थर बोटाला लागला. बटरफ्लायच्या (थ्रॉटलच्या आतल्या फिरत्या गोल चकतीच्या) कडेला तर काळी गोल रेघच धरली आहे. जागेवरच स्प्रे मारला असता, पण आयडल व्हॉल्व्हही (आयडलिंगला लागणारी हवा सोडणारा, मोटरवर चालणारा) त्याच बॉडीत आहे आणि घाण तिथेच जास्त असणार. म्हणून पूर्ण उतरवूनच साफ करायची आहे.

अडलंय ते इथे: खालून कूलंटचे दोन बारीक पाइप येतात. ते काढण्याआधी रेडिएटर रिकामा करावा लागेल, की इंजिन गार झाल्यावर पाइपांच्या तोंडात बूच मारून भागेल? आणि व्हॉल्व्हच्या आत क्लीनर मारला तर त्याची मोटर खराब होते का? गॅस्केट नवीन आणलंय. थ्रॉटल पोझिशन सेन्सर आणि बटरफ्लायच्या स्टॉपचा स्क्रू यांना हात लावणार नाही.

ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी कृपया सांगा, रविवारी सकाळी काम काढतोय.