सिसिलियनचे डाव : तुमचे अनुभव लिहा

माळा आवरताना बाबांची कात्रणांची वही हाती लागली. १९९५, न्यूयॉर्क, बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदाची आनंद-कास्पारोव्ह लढत. पहिले आठ डाव बरोबरीत, नववा आनंदने मारला, तोही कास्पारोव्हच्या सिसिलियनविरुद्ध (पांढऱ्याने राजापुढचं प्यादं ई४ ला टाकलं की काळ्याने सी५ ला प्यादं आणायचं, तो बचाव). आमच्या चाळीत पेढे वाटले होते! मग अकराव्या डावात कास्पारोव्हने ड्रॅगन, म्हणजे सिसिलियनचाच जी७ वर उंट ठेवायचा प्रकार, काढला, तेराव्यात परत, आणि दोन्ही जिंकला. बाबा पेपरातल्या चाली पटावर लावायचे, मी काळ्याच्या बाजूला बसायचे. तेव्हापासून ई४ ला माझं उत्तर सी५च. काळ्या मोहऱ्या घेऊनही जिंकायचंच आहे, असं वाटणाऱ्यांचा हा बचाव. लिहा तुम्हीही.

——

ड्रॅगन म्हणजे जीव की प्राण! विद्यापीठाच्या स्पर्धेत समोरच्याने वजिराच्या बाजूला किल्लेकोट करून राजा तिकडे नेला आणि एच-प्यादं सोडलं सुसाट. मी सी८ वरचा हत्ती उचलून थेट सी३ च्या घोड्यावर. हात इतका थरथरत होता की बी२ चं प्यादं आडवं झालं, ते आधी सरळ केलं. त्याच्या राजापुढची फळी फुटली, जिंकले. कुकर झाला, येते.

——

हत्ती देऊन घोडा, पण जी७ च्या उंटाला कर्ण कसला मोकळा मिळतो!!

——

ताई, पुढच्या चाली टाका ना. लेकीला दाखवते. २०२५ ला नागपूरची दिव्या देशमुख बाटुमीला महिला विश्वचषक जिंकली तेव्हापासून आमच्याकडे पट उचललाच जात नाही, जेवणसुद्धा त्याच्यासमोर.

——

सेम! अंतिम फेरीतला कोनेरू हंपीबरोबरचा टायब्रेक (बरोबरीनंतरचे जलद डाव) ऑफिसात टेबलाखाली मोबाइल धरून पाहिला.

——

मी पांढरा असलो की दुसऱ्याच चालीला सी३, अलापिन. सिसिलियनमधल्या नायडॉर्फ प्रकाराची सगळी पाठांतरं राहतात बाजूला.

——

काका, मी त्यावर डी५ करते. वजीर लवकर बाहेर येतो खरा, पण सी३ वर तुमचंच प्यादं, मग घोडा त्याला हाकलायला येणार कुठून?

——

डावाची जुनी चावीची घड्याळं आठवतात कुणाला? वेळ संपत आली की ते लाल निशाण हळूहळू वर उचललं जायचं. पटाकडे बघू की तिकडे!

——

सांगलीला नूतन बुद्धिबळ मंडळाच्या स्पर्धांना कोण गेलंय? येताना भडंग ठरलेलं.

——

भडंग! इथे परदेशात कुठून आणू 😭

——

आले. आठवतं तेवढं : त्याने बी-प्याद्याने हत्ती मारला, मी वजीर ए५, मग दुसरा हत्ती सी८ वर. बाकीचं रात्री वही शोधून टाकते.