मदत हवी आहे: संश्लेषक भागाकारात भाजक २क्ष − १ असेल तर?

नमस्कार मंडळी, मी वसमतचा. लेक नववीत आहे, रात्री जेवणं झाली की दोघं गणित घेऊन बसतो. काल २क्ष³ + ३क्ष² − ५ ला २क्ष − १ ने संश्लेषक पद्धतीनं, म्हणजे फक्त सहगुणक (क्षच्या पदांपुढचे आकडे) मांडून, भागायचं होतं. क्षचं पद नाही, तिथं तिनं आठवणीनं ० मांडला (मागं तिथंच चुकलं होतं). डावीकडं १/२ (२क्ष − १ = ० केल्यावर येणारी क्षची किंमत), वर सहगुणक २, ३, ०, −५. खाली आलं २, ४, २ आणि शेवटी −४. म्हणजे भागाकार २क्ष² + ४क्ष + २. पण नेहमीच्या पद्धतीनं क्ष² + २क्ष + १ येतो, बाकी मात्र तीच, −४! भागाकार निम्मा करायचा हे कळलं, मग बाकी का निम्मी करायची नाही? "बाबा, नियम नको, कारण सांगा," म्हणते. तिला पटेल असं कुणी सांगेल का? सोमवारी चाचणी आहे.