मदत हवी आहे: टॅपेट कव्हर घासतोय, पण खड्डे संपतच नाहीत

मंडळी, इंजिन उघडलंच आहे तर अ‍ॅल्युमिनिअमचं टॅपेट कव्हर (इंजिनच्या डोक्यावरचं झाकण) आणि इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारा नळ्यांचा भाग) घरीच आरशासारखं चमकवायचं मनात आहे. तेलकटपणा डिग्रीझरने काढला. कव्हरला २२० चा वॉटर पेपर (सँडपेपरच, नंबर मोठा तितका बारीक) मारला, मग ३२० आणि ४००. करडा थर गेला, पण आता टाचणीच्या टोकाएवढे काळे खड्डे दिसतात. पुन्हा २२० वर आलो तर जुने गेले आणि त्यांच्या जागी नवे उघडे पडले. हे कुठवर घासायचं?

मॅनिफोल्डच्या खाचांत तर बोटही जात नाही. एक जण म्हणतो कॉस्टिक सोड्यात बुडव, दुसरा म्हणतो सँडब्लास्टिंग कर. माझ्याकडे ड्रिल मशीन आहे, बफिंग मशीन नाही. आणि पेपर इतका लवकर का भरतो?

प्रतिसाद १:
घासणं आधी थांबवा. ओतीव भागाची वरची साल घट्ट असते, पोटात मात्र वायूचे बारीक बुडबुडे अडकलेले असतात. खोल जाल तसे नवे बुडबुडे उघडणारच, शिवाय जाडी कमी होईल ती वेगळीच. आहे त्यावर ४००, ६००, ८००, १००० असे चढत जा. प्रत्येक नंबरला घासण्याची दिशा काटकोनात बदला, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते दिसतं. मग ड्रिलला कापडी बफ (चमकवायची चकती) लावून तपकिरी बार (पॉलिशची वडी), शेवटी वेगळ्या बफवर पांढरा. कापड काळं होईल, ती घाण नव्हे, अ‍ॅल्युमिनिअमच निघत असतं.

पेपर भरतो कारण धातू मऊ आहे. साबणाच्या पाण्यात किंवा रॉकेलमध्ये भिजवून घासा. धूळही उडत नाही, आणि अ‍ॅल्युमिनिअमची कोरडी बारीक धूळ पेट घेते. शेजारी लोखंड ग्राइंड करून ठिणग्या पाडू नका.

प्रतिसाद २:
कॉस्टिक अजिबात नको. अ‍ॅल्युमिनिअम त्यात विरघळतं आणि हायड्रोजन सुटतो. भाग काळा पडेल तो वेगळाच. सँडब्लास्टिंगलाही माझा विरोध आहे: टॅपेट कव्हरच्या आत तेल अडवणारा पत्रा असतो, त्याच्या मागे दाणे अडकले की थेट तेलात, तिथून बेअरिंगमध्ये. खाचांना ड्रिलमध्ये बसणारे शंकूच्या आकाराचे फेल्ट बफ मिळतात, ते वापरा. गॅस्केट (तेल गळू न देणारी पट्टी) बसते त्या कडेला टेप लावा. ती कड गोल झाली की तेल गळणार.

मूळ प्रश्नकर्ता:
पत्र्याचं लक्षातच आलं नव्हतं, आभार. मग मॅनिफोल्ड ४०० वरच एका दिशेने घासून मॅट ठेवतो, आरसा फक्त कव्हरला. वरून क्लिअर लॅकर मारू का?

प्रतिसाद २:
नको. गुळगुळीत आरशावर लॅकर धरत नाही, उष्णतेने पिवळं पडून सोलतं. पातळ मेण लावा आणि मंदावलं की मेटल पॉलिशचा हात फिरवा.